भिंतीवरचे हात

गल्लीने मिस्त्रींना पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका रविवारी सकाळी, बायकोच्या मागून खेकड्यासारखं आडवं चालताना. पुढे ती, गळ्यात रिमोटचा डबा पट्ट्याने अडकवलेला. मागे हे, दोन्ही हातांवर विमान तोललेलं. विमानाचे पंख धडाला कायमचे चिकटवलेले होते आणि गल्ली इतकी अरुंद, की पंख गल्लीच्या लांबीत ठेवायचे तर माणसाला आडवंच चालावं लागे. पावलापावलाला ते हळू आवाजात म्हणत होते, "सांभाळा, पंख आहे. पंख आहे."

खालच्या सायकल दुकानदाराने चाकाचे आरे आवळता आवळता विचारलं, "काय मिस्त्री, हे उडतं का तुम्हीच रोज फिरवून आणता?"

बायकोने मागे न बघताच उत्तर दिलं. "विमान उडतं. फिरवून आणावं लागतं ते यांना."

त्या दिवसापासून तिला गल्लीत 'पायलटबाई' नाव पडलं. मिस्त्री मिस्त्रीच राहिले. तोवर ते त्याच सायकल दुकानाच्या वरच्या खोलीत कित्येक वर्षं राहत होते, पण सकाळी कामावर जाणारा आणि संध्याकाळी लाकडाचा भुसा झटकत जिना चढणारा माणूस कोणाच्या नजरेत भरत नाही. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलं असतात, त्यातले ते. फर्निचरच्या कारखान्यात त्यांच्याकडे दारांचं काम होतं. त्यांनी बसवलेलं कपाटाचं दार कधी कुरकुरलं नाही, आणि ते स्वतःही नाही.

बायको पॅकिंगच्या कारखान्यात होती. काचसामान, पंखे, टीव्ही यांच्या मापाने थर्मोकोल कापायचं हे तिचं काम. तापलेल्या तारेने कापलेला एक पातळ काप एकदा वाऱ्याने टेबलावरून उचलला आणि तो अख्खी शेड पार करून मुकादमाच्या टेबलावर अलगद उतरला. बाकीच्या हसल्या. ही मात्र तो काप पिशवीत घालून घरी घेऊन आली आणि जेवायचं सोडून त्याच्याकडे बघत बसली. पुढचं सगळं त्यातून झालं. आधी हाताने फेकायची विमानं, मग रबराची, मग शहराबाहेरच्या मैदानावर रिमोटवाली मंडळी असतात हे कळल्यावर तिथे जाणं. पहिल्या दिवशी तिथल्या पुरुषांनी तिला मिस्त्रींचा डबा आणून देणारी समजून सावली दाखवली होती. महिनाभरात तीच मंडळी मोडलेले पंख घेऊन तिच्यामागे फिरू लागली.

मिस्त्रींनी रिमोट कधी हातात धरला नाही. "माझं काम जमिनीवरचं," ते म्हणत. पण पंख कापायला दोघं लागत.

तिने तारेची एक लांब धनुकली केली होती. थर्मोकोलच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराचा एकेक लाकडी साचा ठोकायचा, आणि दोघांनी दोन बाजूंनी धनुकली धरून तापलेली तार साच्यावरून सरकवायची. एक बाजू पुढे गेली, एक मागे राहिली, की पंख पिळला जातो. म्हणून साच्यांच्या कडेवर मिस्त्रींनी आकडे लिहिले होते. तार आकड्यावर आली की ती म्हणायची, "एक." मिस्त्री आपल्या टोकाला म्हणायचे, "एक." मग "दोन." मग "दोन." खाली सायकल दुकानात गिऱ्हाईक थांबलेलं असलं की दुकानदार सांगे, "वर शाळा भरलीय."

एवढं बोलणं त्या घरात एरवी होत नसे.

विमानं वाढली तशी खोलीत पाय ठेवायला जागा उरेना. एक पलंगाखाली, एक कपाटावर, एक दाराच्या मागे. दारामागच्याचं शेपूट दोनदा मोडलं. दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, जगाच्या घरात फळ्या मारता. आपल्या घरात एक भिंत रिकामी आहे, ती दिसत नाही का तुम्हाला?"

मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी एक भक्कम फळी ठोकली. तिने फळीकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं. "हे काय पातेलं आहे, उचललं आणि ठेवलं?"

मग मिस्त्रींनी डोकं लावलं. विमान आडवं ठेवलं की खोली अडते. ते पोट भिंतीला लावून, नाक खाली करून टांगलं तर वीतभरच पुढे येतं. त्यासाठी भिंतीत फक्त दोन दांडे हवेत, किंचित वर उचललेले. धड मधून खाली जाईल आणि पंखांची पुढची धार दोन्ही बाजूंनी दांड्यांवर टेकेल. मिस्त्री या दांड्यांना 'हात' म्हणत. दोन हातांमधलं अंतर प्रत्येक विमानाला निराळं. ते विमान आधी भिंतीशी धरून बघत, पेन्सिलीची खूण करत, मग ड्रिल लावत. आता प्रश्न उरला लाकूड रुतायचा. आधी त्यांनी हातांना कापड गुंडाळलं, ते घसरे. मग कारखान्यात पडलेली पाण्याची मऊ, पारदर्शक प्लास्टिकची नळी त्यांना दिसली. ती उभी चिरून हातांवर चढवली. अगदी मापात बसली. दिसायलाही स्वच्छ, चकचकीत.

बायकोने पहिलं विमान टांगलं, चार पावलं मागे गेली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मिस्त्रींच्या जिवात जीव आला. ती नावं ठेवत नसली म्हणजे कौतुक करत असे.

तिची एक रीत होती. पंख कापून, घासून झाले की ती त्यांना रंगीत चिकटपट्टीचे थर द्यायची, टोकापासून टोकापर्यंत, सुरकुती न पडू देता. याला ती कपडे घालणं म्हणे. आणि कपडे घातल्याशिवाय कुठलंही विमान ती भिंतीवर चढू द्यायची नाही. एकदा मिस्त्रींनी नुसता पांढरा पंख जाता जाता हातांवर ठेवला, तर ती हातातलं काम टाकून धावली. "उघडं नाही ठेवायचं. कपडे घातल्याशिवाय नाही." मिस्त्रींनी मुकाट्याने उतरवला. पंख मळतो म्हणून असेल, असं त्यांनी मनाशी धरलं. तिच्या अशा शंभर रीती होत्या. प्रत्येकीचं कारण विचारत बसलं असतं तर संसार झाला नसता.

मैदानावरच्या लोकांनी घरी येऊन भिंत पाहिली आणि मिस्त्रींचे रविवार भरून गेले. कोणाच्या गच्चीवरच्या खोलीत, कोणाच्या गॅरेजमध्ये, कोणाच्या बैठकीत त्या घरच्या बाईच्या कपाळावरच्या आठ्या मोजत त्यांनी हात बसवले. सगळीकडे तीच नळी. मैदानावरचे सगळ्यात जुने गडी म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक. त्यांना सगळे चष्मेवालेच म्हणत. ते मिस्त्रींच्या बायकोला ताई म्हणायचे, वयाने मोठे असूनही. "ताई विमान बनवते आणि मी उडवतो," ते सांगत. "मी बनवलं तर उडत नाही आणि तिने उडवलं तर खाली येत नाही."

मग ती आजारी पडली. आजाराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आधी मैदान सुटलं, मग कारखाना, मग जिना. खोली आणि खिडकी एवढंच उरलं. तिची धाकटी बहीण, मिस्त्रींची मेहुणी, दवाखान्यात कारकून होती. कामावरून सुटली की तडक इकडे येई, येताना कधी फळं, कधी कडक शब्द घेऊन. "ताई, झोप," ती म्हणे. ताई झोपत नसे. उशीला टेकून ती शेवटचं विमान करत होती.

ते बिनइंजिनाचं होतं. टेकडीच्या कड्यावरून वाऱ्यावर सोडायचं, नुसत्या वाऱ्यावर राहणारं, रिमोटने फक्त शेपूट वळवायचं. इतके लांब पंख तिने आधी कधी केले नव्हते. मिस्त्रींनी साचे केले, पॉलिश पेपरने इतके घासले की बोट फिरवलं तर लाकूड आहे हे कळू नये. कापायच्या दिवशी पलंगावर बसून धनुकलीची एक बाजू तिने धरली, दुसऱ्या बाजूला मिस्त्री उभे राहिले.

"एक," ती म्हणाली.

"एक."

आवाज खोल गेला होता. मिस्त्रींना तो ऐकायला पुढे वाकावं लागत होतं. डावा पंख अर्ध्यावर आला तेव्हा तिने आकडा म्हटला की नाही हे त्यांना कळलं नाही. ते थांबले. ती पुढे गेली होती. तापलेली तार एक क्षण जागेवर राहिली आणि पंखावर एक लाट उठली, करंगळीएवढी.

"बिघडलं," मिस्त्री म्हणाले. "दुसरा ठोकळा आणतो."

तिने लाटेवरून बोट फिरवलं. "राहू दे. एवढ्याने काही पडत नाही ते." मग म्हणाली, "अंगात ताकद आली की याला पिवळे कपडे घालू. आकाशात पिवळं चांगलं दिसतं."

ताकद आली नाही. शेवटच्या दिवसांत एकदा मेहुणी आणि चष्मेवाले दोघंही खोलीत होते. ती मिस्त्रींकडे बघून, चष्मेवाल्यांकडे बोट करून म्हणाली, "हे यांच्याकडे द्या. टेकडीवरून सोडतील. भिंतीवर नका ठेवू." मिस्त्री मान हलवत राहिले. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला, जो आधीच स्वच्छ होता.

ती गेली. माणसं आली, माणसं गेली. खोलीत मिस्त्री उरले आणि पलंगावर ते पांढरं विमान. पहिल्या काही दिवसांत ते जमिनीवर झोपले, कारण विमान पलंगावर होतं. मग एका दुपारी त्यांनी मजबूत शिसवीचे दोन नवे हात तासले, सगळ्यात जाड नळी आणली, ती चढवली आणि विमान उचलून पलंगासमोरच्या भिंतीवर टांगलं. कपडे त्यांनी घातले नाहीत. तिचं बोट जिथे फिरलं होतं त्यावर आपण पट्टी कशी चिकटवायची? जसं तिने ठेवलं तसंच राहायला हवं.

चष्मेवाले महिन्याभराने आले. भिंतीकडे पाहिलं. बसले. हवापाण्याचं बोलले आणि शेवटी म्हणाले, "मिस्त्री, टेकडीवर सध्या वारा चांगला आहे."

"हो का," मिस्त्री म्हणाले. "बघू पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात मिस्त्रींना कारखान्यात काम जास्त होतं. त्याच्या पुढच्या महिन्यात पाठ धरली होती. मग वारा फार आहे असं त्यांनीच सांगितलं. चष्मेवाले समजूतदार. ते दर वेळी "बरं" म्हणून जिना उतरत. मिस्त्रींनी मैदानावर जाणं बंद केलं. नवीन हात बसवायची कामं तेवढी ते करत, कारण तिथे बोलावं लागत नसे.

मेहुणी समजूतदार नव्हती. तिला कोणी तसं म्हटलं असतं तर तिला रागही आला नसता.

"भावोजी, किती दिवस झाले?"

"देणार आहे."

"तुमचं देणार आहे म्हणजे सरकारी नळाचं पाणी. येतंय, येतंय, आणि घागर कोरडी."

मिस्त्री उठून खिडकीशी गेले.

"ती काय म्हणाली ते तुम्हीही ऐकलंत. मी बहिरी नाही, तुम्हीही नाही."

"ऐकलं ना," मिस्त्री म्हणाले. आणि मग, त्यांच्या मानाने बरंच बोलले. "टेकडीवर वारा कसा असतो ठाऊक आहे तुला? एकदा सोडलं आणि आपटलं तर? कुठे झाडीत गेलं तर? मग मी काय बघू? इथे आहे तोवर आहे."

"ती इथे नाही म्हणून तुम्ही तिचं विमान डांबून ठेवलंय," मेहुणी म्हणाली. तिने भांडी घासायला घेतली, जी घासलेलीच होती.

मिस्त्री रोज सकाळी उठले की समोर विमान. झोपताना समोर विमान. ते त्याला हात लावत नसत. धूळ बसली की मऊ कुंचल्याने लांबून झटकत, पंखांच्या वरून, श्वास रोखून. उन्हाळा आला. वरचा पत्रा तापला की खोलीत भट्टी होई. मिस्त्री खालच्या सायकल दुकानात जाऊन बसत. विमान वर भिंतीवर.

थंडी सुरू झाली तेव्हा चष्मेवाले पुन्हा आले. या वेळी जिना चढायला त्यांना वेळ लागला, एका हाताने कठडा धरून, पाय चाचपत. बसल्यावर म्हणाले, "एक गंमत सांगतो. जगाला चष्मे लावले आणि आता मलाच दिसेना. लांबचं धूसर होत चाललंय. डॉक्टर म्हणतात, मागचा पडदा गेलाय, चष्म्याने येणार नाही ते." हसले. "ही थंडी जमेल. पुढच्या वर्षी मी कोणाच्या विमानाला हात लावणार नाही. मैदानात शिकाऊ खूप आहेत, त्यांच्याकडून सोडून घ्या हवं तर. पण ताईने मला सांगितलं होतं, म्हणून आलो."

मिस्त्री खिडकीकडे बघत बसले. खाली दुकानदार चाक फिरवून बघत होता, त्याची टिकटिक वर येत होती. मग चाक थांबलं.

"रविवारी या," ते म्हणाले. "घेऊन जाऊ."

रविवारी मेहुणीही आली. पिवळ्या चिकटपट्टीचे दोन रीळ तिने कधीपासून आणून ठेवले होते, ते पिशवीतून काढले. मिस्त्री स्टुलावर चढले. दोन्ही तळवे पंखांखाली घातले, जसं झोपलेलं मूल उचलतात तसं, आणि वर घेतलं.

विमान आलं नाही.

त्यांना वाटलं, कुठे अडकलंय. पुन्हा हलकेच वर घेतलं. पंखांच्या धारेशी चिकट आवाज झाला आणि पांढऱ्या तारा ताणल्या गेल्या, डिंकाच्या असतात तशा. उजवा पंख सुटला. डावा ओढून सोडवावा लागला. स्टुलावरून उतरून त्यांनी विमान पलंगावर ठेवलं आणि मग तिघांनी पाहिलं. दोन्ही पंखांच्या पुढच्या धारेत, जिथे नळी होती, तिथे दोन बोटं खोल खाच पडली होती. कडा वितळलेल्या, पिवळट, कडक. पंखाला ताकद यावी म्हणून आत घातलेली लाकडाची काडी उघडी पडली होती आणि तिच्या दोन्ही अंगांनी थर्मोकोल पोकळ झालं होतं.

"उंदीर का?" मेहुणी म्हणाली.

चष्मेवाले पंख डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बघत होते. "नाही," ते म्हणाले. "नळी. या मऊ प्लास्टिकमधून तेलासारखं काहीतरी सुटत असतं. थर्मोकोलला लागलं की ते त्याला खातं. हळूहळू. उष्णतेत जास्त."

"पण इतकी वर्षं..." मिस्त्री म्हणाले. "सगळ्यांच्या घरी तीच नळी आहे. कधीच काही..."

"सगळ्यांच्या विमानांना पट्टी असते, मिस्त्री. मधे पट्टी असली की लागत नाही. आमच्यातलं कोणी उघडं टांगत नाही. ताई..."

ते थांबले. मेहुणी पिवळं रीळ हातात धरून उभी होती. कपडे घातल्याशिवाय नाही, हे तिने बहिणीच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं. मिस्त्रींनीही.

"पॅकिंगच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक असणार," मिस्त्री हळूच म्हणाले. "थर्मोकोलवर वायर नाही ठेवायची, नळी नाही ठेवायची. तिला वाटलं असेल मलाही ठाऊक आहे. मी कधी विचारलं नाही."

मेहुणीने त्या दिवशी त्यांना एकही टोमणा मारला नाही, आणि ते मिस्त्रींना जास्त लागलं.

"नवे पंख कापता येतील," चष्मेवाले म्हणाले. "साचे आहेत ना?"

मिस्त्रींनी मान हलवली. साचे होते. आकडेही होते. "आकडे म्हणायचे कोणी?" ते म्हणाले.

ते पलंगाच्या कडेवर बसले. डाव्या पंखावरची करंगळीएवढी लाट तशीच होती. तिच्यापर्यंत नळी पोचली नव्हती. त्यांनी तिच्यावरून एकदा बोट फिरवलं.

"हे असंच सोडलं तर?"

चष्मेवाल्यांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "मोडेल. काडीला धरायला काही उरलं नाही. वारा पंखाला वर उचलेल तेव्हा नेमका इथेच ताण येतो."

"तिने सोडा म्हटलं होतं," मिस्त्री म्हणाले. "किती वेळ उडालं पाहिजे ते नव्हतं म्हटलं."

मग त्या खोलीत दुपारभर काम चाललं. खाचांमध्ये जेवढं भरता आलं तेवढं भरलं. मेहुणी पट्टी ताणून धरायची, मिस्त्री बोटाने बसवत जायचे. सुरकुत्या पडल्या. बायकोच्या हाताखाली एकही पडली नसती. संध्याकाळी विमान पिवळं झालं. चष्मेवाल्यांनी बॅटरी घातली, शेपूट डावीकडे हलवून पाहिलं, उजवीकडे हलवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा कारखान्यात न सांगता दांडी मारली. टेकडीवर त्या तिघांखेरीज कोणी नव्हतं. वारा समोरून, एकसारखा, गवत लोळवत येत होता. आकाश ढगाळ, राखाडी. चष्मेवाल्यांनी रिमोट घेतला आणि मेहुणीला म्हणाले, "तू माझ्या शेजारी उभी राहा. कुठे आहे ते सांगत जा मला." मिस्त्री कड्यापर्यंत गेले. विमान डोक्यावर धरलं. हातांवर पंख वाऱ्याने थरथरत होते आणि विमानाला काहीच वजन उरलं नव्हतं. हे त्यांना आधी कधी कळलं नव्हतं.

"मिस्त्री, सरळ पुढे," मागून चष्मेवाले म्हणाले. "वर नका फेकू. द्या नुसतं."

त्यांनी दिलं.

ते सरळ गेलं. कड्यापलीकडे गेलं आणि खाली न पडता वर आलं, जिन्याच्या दोन पायऱ्या चढावं तसं. पिवळं खरंच चांगलं दिसत होतं. "समोर आहे, सरळ," मेहुणी म्हणाली. "थोडं उजवीकडे." मग डावा पंख खाचेपाशी वर दुमडला, पुस्तक मिटावं तसा, आणि ते फिरत फिरत खाली झुडपात गेलं.

"काय झालं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"पडलं," मेहुणी म्हणाली.

त्यांनी रिमोट बंद केला. थोड्या वेळाने म्हणाले, "पण वर गेलं होतं ना?"

"गेलं होतं."

मिस्त्री तोवर उतरून झुडपांत शिरले होते. सगळे तुकडे गोळा करायला त्यांना बराच वेळ लागला. परत गल्लीत शिरताना विमान त्यांच्या काखेत होतं, दुमडलेलं, दोन्ही पंख एकमेकांवर. आडवं चालायची गरज नव्हती. सायकल दुकानदाराने मान वर केली आणि पुन्हा पान्याने आरा आवळत राहिला.

त्यानंतर मिस्त्रींनी एक काम केलं, जे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. जिथे जिथे त्यांनी हात बसवले होते, त्या प्रत्येक घरी ते गेले. काही लोकांनी मैदान सोडलं होतं, काहींनी घर बदललं होतं, एकाने ओळखच दिली नाही. "अहो, काही झालेलं नाही त्याला, कशाला त्रास घेता?" लोक म्हणत. मिस्त्री चपला काढून आत येत, स्टूल मागत, नळी काढत आणि तिच्या जागी जुन्या ब्लँकेटची पट्टी शिवून बसवत. कारण सांगत नसत. फार विचारलं तर एवढंच म्हणत, "ती नळी चांगली नसते." एका गच्चीवरच्या खोलीत त्यांना एक नुसता पांढरा पंख भिंतीवर दिसला. त्यांनी तो उतरवला, घरमालकिणीच्या हातात दिला आणि म्हणाले, "याला आधी कपडे घाला." ती बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

चष्मेवाल्यांनी दुकान भाच्याच्या हवाली केलं आहे. मेहुणी येते. येताना फळं आणते, आणि आता पुन्हा कडक शब्दही आणते, त्यामुळे मिस्त्रींना जरा बरं वाटतं.

मिस्त्री त्याच खोलीत राहतात. बाकीची विमानं त्यांनी मैदानावरच्या लोकांना देऊन टाकली. ते मोडलेलं पलंगाखाली आहे. भिंतीवरच्या सगळ्या हातांना ब्लँकेटची पट्टी आहे, त्यांवर ते सदरे आणि टॉवेल टाकतात. पलंगासमोरच्या शिसवीच्या दोन हातांवर मात्र ती जाड नळी अजून तशीच आहे, तिला चिकटलेल्या पांढऱ्या थर्मोकोलसकट, आणि त्यांवर ते काही ठेवत नाहीत.